गोठा नंबर एक्केचाळीस

माझं नाव श्रद्धा आणि माझा धंदा शंका घेण्याचा. हा विनोद मी स्वतःच करून टाकते, कारण दुसऱ्या कोणी करायच्या आत केलेला बरा. भोसरी एमआयडीसीत, एक गिअर कापणारं वर्कशॉप आणि एक पावडर कोटिंगवाला यांच्या मधे आमची प्रयोगशाळा आहे. सगळं जग जंतू मारायला धडपडतं. मी त्यांना उबदार पेटीत ठेवून, खाऊपिऊ घालून वाढवते. वाढले की कुठलं औषध त्यांना मारतं आणि कुठल्या औषधाला ते आता भीक घालत नाहीत, हे बघते.

तीन वर्षांचा प्रकल्प होता. चाकणच्या पट्ट्यात कंपन्यांच्या भिंतींना चिकटून जे गोठे अजून तग धरून आहेत, त्यातले पंचेचाळीस आम्ही घेतले. रोग एकच, कासेचा. गोठ्यात त्याला दगडी म्हणतात, कारण कास दगडासारखी घट्ट होते आणि दुधाऐवजी पिवळं पाणी आणि गुठळ्या येतात. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक जनावराच्या दुधाचा नमुना घ्यायचा आणि त्यात जंतू वाढतात का बघायचं.

पहाटे पाचला धार निघते. एकाच वेळी पंचेचाळीस गोठ्यांत हजर राहण्याची विद्या मला येत नाही. म्हणून मी गोठेवाल्यांनाच शिकवलं. आदल्या संध्याकाळी धनेश, म्हणजे आमच्या भागातून दूध गोळा करणारा टेम्पोवाला, नळ्या आणि गोठवलेल्या पांढऱ्या विटा घातलेला बर्फाचा डबा पोचवायचा. सकाळी मी स्कूटीवरून फिरून डबे उचलायचे. सड धुवा, स्पिरिटने पुसा, पहिल्या तीन धारा सोडून द्या, चौथी नळीत घ्या, झाकण लावा, डब्यात ठेवा. अशा अकरा सूचनांचा कागद मी स्वतः लिहिला होता आणि त्याचा मला अभिमानही होता.

बहुतेक गोठ्यांत आज ना उद्या काहीतरी वाढायचंच. अपवाद एक, गोठा नंबर एक्केचाळीस. निघोज्याच्या सोजरबाईंचा, शेवटच्या वर्षी घेतलेला. चार म्हशी, वर्षभरात शंभरावर नमुने, आणि पहिला दिवस सोडला तर प्रत्येकासमोर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: वाढ नाही.

पहिल्या दिवशी मी स्वतः त्यांच्या गोठ्यात बसून नमुने घेतले होते, तेव्हा दोन म्हशींत जंतू निघाले होते. पंधरा दिवसांनी सोजरबाईंनी स्वतः नमुने दिले, ते स्वच्छ. मला वाटलं, बाईने माझं शिकवणं मनावर घेतलं. माझं एवढं कोणी मनावर घेतल्याला बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे मी खूश झाले.

सोजरबाई सत्तरीच्या. जमीन कंपनीत गेली, उरली दोन गुंठे. तिच्या दोन्ही बाजूंना कंपनीच्या भिंती. मुलगा कुलदीप मोशीला फ्लॅटमध्ये राहतो आणि आईला तिकडे बोलावतो. आई म्हणते, "फ्लॅटात म्हशी चढत न्हाईत." भिंतीपलीकडे पत्रा दाबणारा मोठा प्रेस चालतो. दर काही सेकंदांनी जमीन दणकते. म्हशींना त्याची इतकी सवय, की गुरुवारी कंपनीला सुट्टी असली की त्या कावऱ्याबावऱ्या होतात.

मी स्कूटी लावली की आतून आवाज यायचा, "आलीस व्हय? बस. आधी च्या घे, मग तुझं जंतर-मंतर." चहा दुधाचा, घट्ट, गुळाचा. मी घरी कोरा चहा पिते. पिंपळे गुरवात माझी एक खोली आणि स्वयंपाकघर आहे. अर्ध्या लिटरची पिशवी फोडली की एकटीला संपत नाही, नासते, म्हणून दूध घेणंच सोडलं. दिवसभर दुधाच्या नळ्या हाताळणारी बाई घरी दुधाला शिवत नाही, हे मला कधी कधी विचित्र वाटतं, पण सांगायचं कोणाला?

काळेवाडीत दोन खोल्यांत आम्ही चौघं होतो. बाबा पिंपरीच्या कंपनीत लेथवर. आई-बाबा गेले, भाऊ नागपूरला गेला आणि तिकडचाच झाला. लग्न दोनदा ठरत आलं. दोन्ही वेळा मी काहीतरी प्रश्न विचारला आणि पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. त्याचं मला फार दुःख नाही. दुःख एवढंच आहे, की संध्याकाळी कुलूप उघडताना आतून कोणी "आलीस व्हय" म्हणत नाही. सोजरबाई म्हणायच्या. म्हणून पंधरा दिवसांची फेरी आठवड्याची झाली आणि मग आठवड्यातून दोनदा. वहीत मी कारण लिहायचे, "विशेष निरीक्षण".

निरंजन सर आमचे प्रकल्पप्रमुख. माणूस सज्जन, पण एखादी गोष्ट छापून येईल असं दिसलं की त्यांना रात्रभर झोप लागत नाही. "श्रद्धा, ही बाई करते तरी काय? राखेने हात धुते का? कडुनिंब? यावर प्रकल्पाला आणखी एक वर्ष मिळू शकतं." एक वर्ष म्हटल्यावर माझ्या मनात राख नाही आली, कडुनिंब नाही आला. आला तो गुळाचा चहा. मी म्हटलं, "हो सर, काहीतरी नक्की आहे."

खरं तर काहीतरी होतंच, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. एक्केचाळीसच्या नळ्यांत जंतू नव्हते, पण मोगरी नावाच्या म्हशीच्या दुधात पांढऱ्या पेशी भरपूर होत्या. शरीर कुठेतरी लढतंय, त्याशिवाय त्या येत नाहीत. आणि त्या नळ्यांत वरती नेहमी एक पातळ पापुद्रा असायचा. बाकीच्या नळ्यांत स्निग्धांश नुसता तरंगायचा, इथे तो पदर धरून यायचा. पेशींसमोर मी लिहिलं, "वय झालेलं, वेत संपत आलेलं." पापुद्र्याबद्दल लिहिलंच नाही. म्हशीचं दूध, घट्ट असणारच, असं म्हणून सोडून दिलं. शंका घेणं हा ज्या बाईचा धंदा, तिने तिथे शंका घेतली नाही, कारण तिला घ्यायची नव्हती.

जानेवारीत सोजरबाई म्हणाल्या, "मोगरीचा एक सड हाताला गरम लागतोय गं. दूध बी कमी. डाक्टरला बोलवू का?"

मी कास चाचपली. थोडी घट्ट वाटली. पण वर्षभराच्या तपासणीत दोष नाही, हे माझ्या खिशात होतं. "मावशी, काही नाही. परवाच बघितलंय, स्वच्छ आहे." त्यांना खात्री वाटावी म्हणून छापील निकाल काढून दिला. त्यांनी तो कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. फेब्रुवारीत त्यांनी पुन्हा विचारलं. मी त्या खिळ्याकडे बोट दाखवलं.

मार्च लागला तसं सरांनी सांगितलं, मुदतवाढीच्या अर्जाबरोबर व्हिडिओ जोडू, तू एकदा धारेलाच जा. मी गुरुवार निवडला. गुरुवारी पट्ट्याला सुट्टी असते, ट्रेलर नसतात, नाशिक रस्ता चक्क रस्ता वाटतो. पाचला येते सांगितलं होतं, तरी पोचायला पावणेसहा झाले. प्रेस बंद. म्हशी अस्वस्थ. धार आटोपली होती आणि सोजरबाई चुलीपुढे बसल्या होत्या.

चुलीवर एक छोटी पातेली होती. तिच्यात वाटीभर दूध वर येत होतं. शेजारी माझ्या चार नळ्या उभ्या, तीन भरलेल्या, एक रिकामी.

"मावशी, हे काय?"

"तुजंच दूध. चंद्रीचं, सुंदरीचं आन काळीचं झालं. ह्ये मोगरीचं." त्यांनी पदराने पातेली उतरवली, फुंकर घातली. "कच्चं दूध लेकीबाळीच्या हाती द्यावं का? तीन तास पडून ऱ्हातंय. नासलं म्हंजी? तुजी ती पांढरी वीट काय राखतीय दुधाला! मिसळू नको म्हनली व्हतीस ना, म्हनून दर बारीला पातेली घासते."

वर्षभर. दर वेळी. पहाटे पाचला उठून, चार म्हशींचं दूध चार वेळा वेगळं तापवून, चार वेळा पातेली राखेने घासून, गार करून, त्या नळ्यांत भरत होत्या. माझ्या अकरा सूचनांत एकही त्यांनी मोडली नव्हती. उकळू नका, ही सूचनाच त्यात नव्हती. आणि तो पापुद्रा म्हणजे साय होती. कुठल्याही घरातल्या बाईने ती पहिल्या दिवशी ओळखली असती. माझ्या घरात दूध तापत नाही.

मी उठून मोगरीकडे गेले. ती पाय फाकवून उभी होती आणि हात लावू देत नव्हती. दोन सड टणक. कशीबशी एक धार काढली. पिवळं पाणी आलं आणि त्यात गुठळ्या. मी ती कच्चीच नळीत घेतली. सोजरबाई मागे उभ्या होत्या. "ह्ये काय गं?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "आत्ता डॉक्टरला बोलवा. आत्ताच्या आत्ता."

दुसऱ्या दिवशी माझ्या प्लेटवर मोगरीचे जंतू गच्च वाढले होते. पहिल्या दिवसानंतरची एक्केचाळीसची पहिली वाढ. तीन औषधं त्यांच्यावर निकामी, एक चाललं. ते नाव मी तालुक्याच्या डॉक्टरांना फोनवर कळवलं. ते म्हणाले, "मॅडम, औषध बरोबर आहे, पण हे जानेवारीत द्यायचं होतं." जानेवारीत मी खिळ्यावरचा तो कागद दिला होता.

ताप उतरला, दोन सड कायमचे गेले. उरलेल्या दोनांतही दूध धड राहिलं नाही. पुढच्या शनिवारी कुलदीपने टेम्पो आणला आणि मोगरीला चाकणच्या बाजारात नेलं. मी तेव्हा तिथे होते. सोजरबाईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा भरवला आणि टेम्पो वळेपर्यंत उभ्या राहिल्या. प्रेस दणकत होता. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तुमची तपासनी काय म्हनत व्हती?"

आजवर त्या मला तू म्हणत होत्या.

उत्तर माझ्याकडे तयार होतं, पूर्ण, खरं. तुम्ही दूध उकळलंत, जंतू मेले, म्हणून मला दिसले नाहीत. सांगितलं असतं तर ही बाई उरलेलं आयुष्य दर पहाटे त्या चुलीपुढे बसून मोगरीला आठवत राहिली असती. तिने माझ्यासाठी दूध तापवलं होतं. माझ्यासाठी दुसरं कोणी काही तापवत नाही.

"माझं चुकलं, मावशी," मी म्हटलं. "आमच्या पेटीची ऊब कमी पडत होती. जंतू असून वाढले नाहीत. मी बघायला हवं होतं."

पेटीचं खोटं होतं. बाकीचं खरं होतं.

त्या आत गेल्या, खिळ्यावरचा कागद काढून घेऊन आल्या. "कुलदीप दोनदा म्हनला, डाक्टर आन. म्या म्हनलं, मला डाक्टरची काय गरज, माजी श्रद्धा हाय." कागद घडी करून त्यांनी माझ्या हातात दिला. "उद्यापास्नं डबा ठिवू नका."

मी स्कूटी चालू केली. भोसरीपर्यंतचा रस्ता कसा आला ते मला आठवत नाही.

निरंजन सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एक्केचाळीस वगळून टाक. 'नमुने अयोग्य' एवढं लिही. कशाला फोड करायची?" मी फोड केली. अहवालात लिहिलं, की गोठेमालकाने नमुने सद्हेतूने उकळले होते, सूचनापत्रात ती मनाई नव्हती, आणि पेशींची संख्या वाढलेली दिसत असूनही संशोधकाने ती दुर्लक्षित केली. संशोधक म्हणजे मी. मुदतवाढ मिळाली नाही. एकतीस मार्चला दुधाचं काम थांबलं आणि मला त्याच इमारतीत पाणी तपासायला बसवलं. आता मी सोसायट्यांच्या टाक्यांतलं पाणी बघते. पाण्याबरोबर कोणी चहा देत नाही.

एप्रिल लांबलचक गेला. एका रविवारी मी दुधाची पिशवी आणली. तापवली, उतरवली, आणि ओट्याशी उभी राहून साय धरताना बघत राहिले. आधी कडेला, मग मधे. दहा मिनिटं लागतात. चमच्याने उचलली तर अखंड निघते. वर्षभर हे माझ्या नळीत होतं. मला रडू आलं, पण खरं सांगायचं तर ते मोगरीसाठी नव्हतं. मला त्या अंगणात जाऊन बसायचं होतं, आणि आता जाता येणार नव्हतं. दूध संपलं नाही. दुसऱ्या दिवशी नासलं.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी नऊला दार वाजलं. माझं दार वाजत नाही, म्हणून मला आधी शेजारचं वाटलं. बाहेर धनेश. पिंपळे गुरवातल्या हॉटेलांना तो दूध घालतो, हे मला माहीत होतं. माझं घर त्याला माहीत आहे, हे माहीत नव्हतं. त्याच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"मॅडम, निघोज्याच्या आजींनी दिलंय. तुमालाच द्यायचं म्हनल्या."

फडक्यात माझीच एक नळी. मागे राहिलेली असणार. तिच्यावर माझ्या अक्षरात, "४१". आतलं दूध फाटून वेगळं झालं होतं, खाली पाणी, वर गोळे. झाकण सैल होतं. आंबट वास आला.

"नासलं वाटतं," धनेश ओशाळून म्हणाला. "मी आधी तीन हॉटेलं केली, ऊन बी लय. चंद्रीचं हाय. चंद्रीचा सड गरम लागतोय म्हनल्या." तो थांबला. "आन म्हनल्या, तिला सांग, उकळल्यालं न्हाई."

मी विचारलं, "हे त्यांना कोणी सांगितलं?"

"त्ये तालुक्याचे डाक्टर चंद्रीला बघाया आल्ते. बोलता बोलता इचारलं, आजी, त्या मॅडमना दूध कसं देत व्हता? आजींनी सांगितलं समदं, पातेली घासायची, तापवायचं. डाक्टर हसले. म्हनले, आवो, मग जंतू कसं दिसतील त्यास्नी! मग आजी चार दिस कुनाशी बोलल्या न्हाईत. मला दुधाचं माप बी बोटांनीच सांगायच्या."

म्हणजे जे मी त्यांच्यापासून लपवलं, ते त्यांना कळलंच. एका हसण्यातून कळलं, आणि कळलं तेव्हा शेजारी कोणी नव्हतं. मी सांगितलं असतं तर निदान मी असते. हे माझ्या डोक्यात दोन महिन्यांत एकदाही आलं नव्हतं. मला वाटत होतं, मी त्यांच्यावर उपकार केला.

"आणखी काही म्हणाल्या?"

धनेशने टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हनल्या... राग धरू नका मॅडम, त्यांचंच बोलनं सांगतो. म्हनल्या, मला सांगितलं असतं तर म्या काय मेले नसते. माजी चूक माज्या पदरात टाकायची व्हती. एकटीनं कशापायी गिळलीस म्हनावं."

 धनेश जिन्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मी संध्याकाळी त्या बाजूला जानार हाय. काय सांगू?"

फाटलेला नमुना तपासायचा नसतो. सूचना क्रमांक नऊ, मीच लिहिलेली. त्या नळीतून चंद्रीबद्दल काहीही कळणार नव्हतं. नवीन घ्यावा लागणार होता, सड धुऊन, पुसून, पहिल्या तीन धारा सोडून, कच्चा. आणि त्यासाठी कोणाला तरी पहाटे पाचला तिथे हजर राहावं लागणार होतं. प्रकल्प नव्हता, वही नव्हती, "विशेष निरीक्षण" लिहायला रकाना नव्हता.

"सांग, उद्या धारेला येते," मी म्हटलं. "आणि म्हणावं, फक्त चहाचं दूध तापवा."

तो गेल्यावर मी नळी ओट्यावर उभी करून ठेवली. फेकवेना. माळ्यावरून बर्फाचा डबा काढला, धुतला, आणि त्या पांढऱ्या विटा फ्रीजमध्ये गोठायला ठेवल्या. त्या नीट गोठायला एक रात्र लागते.